मत असेल तर लेटरहेडवर दे

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम जिंदाबाद.

तुझा अहवाल आधी वाचला आणि पत्र नंतर. तेच बरं झालं. पत्र आधी वाचलं असतं तर चिडून अहवालाला हातच लावला नसता.

तुझ्या संस्थेच्या संचालकांनी निधी देणाऱ्या कंपनीला द्यायच्या प्रतीतून जी दोन पानं गाळायला सांगितली, तेवढीच त्या अख्ख्या अहवालात वाचण्याजोगी आहेत. बाकी सगळं आपल्या क्षेत्रात वर्षानुवर्षं छापलं जातं तेच. दीपप्रज्वलन, बॅनरसमोर ओळीने उभ्या केलेल्या बायका, 'मान्यवरांच्या हस्ते वाटप'. पण ती दोन पानं! रेशन दुकानात आजीबाई उजवा अंगठा ठेवतात, मग डावा, मग दुकानदार म्हणेल ते बोट. पदराला पुसून, थुंकी लावून, परत पदराला पुसून. जन्मभर विड्या वळून बोटं गुळगुळीत झालेली, ई-पॉस मशीनला त्यावर रेषा सापडेना. दुकानदार म्हणतो, 'उद्या या, सर्व्हर डाऊन आहे', आणि रांगेतली बाई तुला हळूच सांगते की सर्व्हर चालू आहे, हिचं केवायसी राहिलंय. त्या दुकानदाराला खलनायक न करता त्याचंही म्हणणं तू लिहिलंस, की मशीनमध्ये नोंद न पडता धान्य दिलं तर साठा जुळत नाही आणि नोटीस त्याला येते. मुरलेल्या कार्यकर्त्यांनाही असं लिहिणं जमत नाही. त्यांना पहिल्या ओळीतच आरोपी लागतो.

आणि असं लिहू शकणारी मुलगी मला विचारते, 'ताई, मी फार कन्फ्यूज आहे. आपलं काम सेवेचं की संघर्षाचं?'

तुझ्या वयाची असल्यापासून मी हा प्रश्न ऐकते आहे. शिबिरात रात्रीची जेवणं झाली की गोल करून यावरच चर्चा. एका बाजूला विधायक कामं करणारे रचनावाले, एका बाजूला संघर्षवाले, मध्ये कंदील. सकाळी सगळे आपापल्या एसटीत बसून गावी जायचे आणि तहसील कचेरीत एकाचंही पत्र गेलेलं नसायचं. पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची संघटना झाली. त्याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते आहे. ही सेवा म्हणायची की संघर्ष? त्या बायकांना विचारलंस तर त्या तुझ्याकडेच चमत्कारिक नजरेने बघतील. तो प्रश्न सोडून दे. मला एवढंच सांग, ती दोन पानं तहसीलदारांकडे गेली का? जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे? संस्थेच्या लेटरहेडवर, सहीनिशी, तारखेनिशी? आणि पोच घेतलीस का?

नाही ना? मग तुझ्या संस्थेला रेशनबद्दल मत नाही. तुला असेल. संचालकांनाही असेल, मी त्यांना चांगली ओळखते, चहा पिताना सरकारबद्दल जे बोलतात ते छापण्यासारखं नसतं. पण संस्थेला मत नाही.

हे आपल्या क्षेत्राचं जुनं दुखणं आहे. जिल्ह्यातल्या संस्थांची बैठक बोलाव आणि सामाजिक धोरणांवर बोला म्हण. प्रत्येक जण अर्धा तास बोलेल. पटसंख्या कमी म्हणून वस्तीवरची शाळा जाईल, अंगणवाडीतून मिळणारी आहाराची पाकिटं बायका म्हशीला घालतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर राहत नाही. सगळं खरं, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. मग म्हण की चला, हेच लिहू, सही कोण करणार? एकाला नेमका फोन येतो आणि तो व्हरांड्यात जातो. दुसरा म्हणतो, 'सध्याचं वातावरण बघता...' तिसरी म्हणते, 'नेटवर्कच्या नावाने देऊ या', म्हणजे कुणाच्याच नावाने नको. वर्षाअखेरी याच सगळ्यांचे वार्षिक अहवाल काढून बघ. शासनाच्या सहकार्याने, शासनाशी समन्वय साधून, शासनाच्या मार्गदर्शनाखाली. तोंडाने जेवढा राग, त्याची एक ओळ कागदावर नाही.

उद्या कुणी संशोधक आला आणि त्याने विचारलं की महाराष्ट्रातल्या संस्थांची अन्नसुरक्षेबद्दल काय भूमिका होती, तर त्याला हे वार्षिक अहवालच सापडणार. त्यात तुझी आजीबाई नाही.

भीती खोटी आहे असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. परदेशी देणग्यांचा कायदा २०१०चा, पण खरा दणका २०२०च्या सप्टेंबरातल्या दुरुस्तीने दिला. परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, खातं दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतच, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर. मोठ्या संस्थेकडून थोडेफार पैसे घेऊन खेड्यात काम करणाऱ्या बारक्या संस्थांचं पाणी एका फटक्यात तुटलं. त्यात आयकराच्या सवलतीसाठी १२ए आणि ८०जीची फेरनोंदणी, सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांकडून समाजकार्याचा निधी घ्यायचा तर, आणखी एक नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तांचे बदल अर्ज पडून. हल्ली संस्थेत कार्यकर्त्यापेक्षा सीएचा शब्द मोठा झालाय तो उगाच नाही. २०२४ साली संघटनांना बेकायदा ठरवू देणारं जनसुरक्षा विधेयक आलं तेव्हा तर किती जणांनी मला फोन करून हळू आवाजात विचारलं, 'ताई, आपण यात बसतो का?' मी म्हटलं, हरकत लिहा. विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे १२ हजारांवर हरकती आणि सूचना गेल्या. समितीने मसुद्यात बदल केले, मला ते पुरेसे वाटत नाहीत, आणि २०२५च्या जुलैत विधेयक मंजूर झालं. पण त्या ढिगात माझं पत्र आहे. मला फोन करणाऱ्यांतल्या बहुतेकांचं नाही.

आता त्या भीतीचा दुसरा अर्धा भाग, जो तुझ्या संचालकांनी तुला सांगितला नाही. बंद, मोर्चा, निदर्शनं अशा मार्गांना लोकहिताच्या प्रश्नावर पाठिंबा दिला, त्यामागे सत्तेच्या राजकारणाचा हेतू नसला, तर एवढ्यावरून संस्थेला राजकीय ठरवून परदेशी निधी अडवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२०ला सांगितलंय. सीएसआरच्या नियमांनी बंदी घातलीय ती राजकीय पक्षाला देणगी देण्यावर. सीएसआरचा पैसा कशावर खर्चायचा हे सांगणाऱ्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पहिल्याच कलमात भूक, गरिबी आणि कुपोषण निर्मूलन लिहिलंय. म्हाताऱ्या बाईला कायद्याने ठरलेलं पाच किलो धान्य मिळत नाही, हे तहसीलदाराला कळवणं म्हणजे राजकारण, हा शोध कंपनीच्या वकिलाचाही नाही. कंपनीने तुमच्या संस्थेला असं लिहून दिलंय का? विचार. माझा अनुभव असा की दहातल्या नऊ वेळा कुणीच काही लिहून दिलेलं नसतं. कंपनीतल्या कुठल्याशा मॅनेजरने भेटीत भुवया उंचावल्या, एवढ्यावर आपण पानं फाडतो.

आपल्याला जे मिळालं ते कसं मिळालं, हे तुमच्या समाजकार्याच्या पदवीच्या, एमएसडब्ल्यूच्या अभ्यासक्रमात तारखांसकट असेल. तरी एक गोष्ट सांगते. १९७२च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे कायद्यात आलं. पण मजुरी किती? किमान वेतन ठरवणाऱ्या समितीने हिशेब मांडून दिवसाला ४ रुपये काढले होते. अभय बंग तेव्हा तरुण डॉक्टर. त्यांनी काय केलं? घोषणा दिली नाही, तोच हिशेब परत मांडला. मजुराला किती उष्मांक लागतात, घरात खाणारी तोंडं किती, वर्षात कामाचे दिवस किती. उत्तर आलं १२ रुपये. समितीच्या आकडेमोडीतल्या चुका एकेक करून दाखवल्या, आणि सरकारला पुढे दर वाढवावे लागले. 'मजुरांचं शोषण होतंय' असं त्या काळी गल्लीत शेंबडं पोरही म्हणायचं. दर हलला तो लिहिलेल्या हिशेबाने.

तुझ्या पत्रात 'नवउदारमतवादी कल्याणकारी राज्याची माघार' असं काहीतरी आहे. असेल बाई, माघार असेल. पण हे तहसीलदाराला पाठवू नकोस. त्याला आजीबाईचा शिधापत्रिका क्रमांक पाठव.

तू म्हणशील, सरकारचा पैसा घेऊन सरकारबद्दल कसं लिहायचं? २००७ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. सरकारी योजनेतलाच पैसा, आणि त्यातून गावकऱ्यांनी आपल्याच आरोग्य केंद्राचं प्रगतीपुस्तक भरायचं. औषधं बाहेरून आणायला लावतात का, नर्सबाई येतात का, बाळंतपणाला पैसे मागितले का. मग जनसुनवाई. मंचावर जिल्हा आरोग्य अधिकारी, समोर बाया हातात पिवळ्या-लाल रंगांचे तक्ते घेऊन. मी अशा सुनवाया बघितल्यात. अधिकारी घामाघूम व्हायचे, रागवायचे, काही तर उठून जायचे, पण पुढच्या सुनवाईला त्याच केंद्रात औषधांचा साठा फळ्यावर लिहिलेला दिसायचा. पैसा सरकारचा आहे म्हणून तोंड शिवलं पाहिजे, हे आपल्याला सरकारने शिवून दिलेलं नाही. सुई-दोरा आपणच घेऊन बसलोय.

आता जरा दुसऱ्या बाजूला वळते, कारण तुझ्या पत्रात तुझ्या त्या मित्रमंडळींचं कौतुक फार आहे. संस्था म्हणजे ठेकेदार, असं म्हणणारे. त्यांच्या निवेदनाचा फोटो तू मला पाठवलास. कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या, पंधरा जण, एका हातात कागद आणि दुसऱ्या हाताची मूठ, अधिकारी कसनुसा हसतोय. कागदावर काय लिहिलं होतं ते तुला आठवतं का? मी मागवून वाचलं. अकरा मागण्या, त्यात महागाईपासून परराष्ट्र धोरणापर्यंत सगळं, आणि एकाही गावाचं नाव नाही. आवक क्रमांक विचारला तर म्हणाले, 'फोटो आहे ना.' फोटो म्हणजे पोच नव्हे! तो व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस फिरतो आणि संपतो. निवेदन कुठल्या बासनात गेलं हे ना देणाऱ्याला माहीत, ना घेणाऱ्याला. तुझे संचालक पानं गाळतात आणि हे पानंच भरत नाहीत. मला दोघांत फारसा फरक दिसत नाही, उलट संचालकांकडे निदान तू तरी आहेस.

पोच कशाला एवढी, हे परत सांगते, कारण तुझ्या पिढीला ही म्हातारीची खोड वाटते. शिक्क्यावर आवक क्रमांक पडला की ते पत्र सरकारचं होतं. महिन्याभरात काही झालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाकायचा: अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, टिपणीच्या प्रती द्या. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग. पोच नसेल तर उत्तर एका ओळीचं, 'असे पत्र या कार्यालयास प्राप्त झाल्याचे आढळून येत नाही.' आवक-जावकचा लिपिक म्हणेल, साहेब नाहीत, ठेवून जा. ठेवायचं नाही. म्हणेल, दुसऱ्या प्रतीवर शिक्का देत नाही. बाकावर बसून राहायचं, डबा उघडायचा. फारच झालं तर स्पीड पोस्ट कर आणि पावती जपून ठेव (रजिस्टर पोस्ट आता त्यातच मिसळलंय, मला अजून सवय होत नाही). लेटरहेड, सही, तारीख, पोच. झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

लाडक्या बहिणीबद्दलही तू विचारलंस. आपल्या क्षेत्रातल्या किती शहाण्यांच्या तोंडी 'रेवडी' हा शब्द आहे, बघवत नाही. बाईच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येतात, ती त्यातून औषध आणते, पोरीला वही घेते, कधी स्वतःला साडी घेते, यात मला अपमान दिसत नाही. ज्यांचे पगार महिन्याच्या एक तारखेला येतात त्यांना तो दिसतो. पण योजनेला पाठिंबा आहे म्हणून तिच्याबद्दल लिहायचंच नाही, हेही मला मान्य नाही. २०२५च्या सप्टेंबरात ई-केवायसी सुरू झालं, त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला. नवरा गेलेला, वडीलही गेलेले, अशी बाई काय करणार? पोर्टल बनवताना ती कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती. पुढे मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे कागद देऊन अशा बायकांची वाट मोकळी करावी लागली. ही अडचण पहिल्या आठवड्यातच गावोगावच्या आपल्या कार्यकर्त्यांना दिसली होती. मला आलेल्या फोनवरून सांगते, सगळ्यांना दिसली होती. लेखी किती जणांनी कळवलं?

आणि हे बघ, लाडक्या बहिणीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अन्नसुरक्षा कायदा लागू करताना रेशनवर धान्य मिळणाऱ्या 'प्राधान्य कुटुंबा'साठी राज्याने धरलेली मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,०००. म्हणजे वर्षाला एक लाख मिळवणारं घर एका खिडकीवर गरजू आणि दुसऱ्या खिडकीवर सुस्थितीतलं. सरकार एकच, बाई तीच. यावर तुझ्या संस्थेचं काय मत आहे? राज्यात अन्नसुरक्षेच्या लाभार्थ्यांची संख्या सात कोटींच्या आसपास बांधून ठेवलीय, तीही २०११च्या जनगणनेवर. त्यानंतर जन्मलेली पोरं आता मिसरूड फुटायच्या वयाला आली. हे सगळं तुला माहीत आहे, तुझ्या टिपणात आहे. अहवालात का नाही? 'धोरणावर बोलणं आपलं काम नाही', म्हणून? मग धोरणाने उपाशी ठेवलेल्या बाईला किट वाटणं तरी आपलं काम कशाला?

चिडले. असो.

तू सरळ विचारलंस की या हट्टाने तुम्हाला काय मिळालं. तुला कुणीतरी आमच्या वसतिगृहाची हकीकत सांगितलेली दिसते, आणि ज्यांनी सांगितली त्यांनी 'ताईंच्या हट्टापायी बंद पडलं' असंच सांगितलं असणार. तर माझ्याकडून ऐक. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांच्या मुलींसाठी ते वसतिगृह होतं. पैसा एका कंपनीचा. टोळ्यांबरोबर जाणारी मुलं शाळेच्या पटावर हजर कशी दिसतात, याबद्दल मी शिक्षण विभागाला लेटरहेडवर पत्र दिलं, मुलांच्या यादीसकट. ते पत्र मागे घ्या, असा कंपनीकडून निरोप आला. मी म्हटलं, लेखी द्या. त्यांनी लेखी काही दिलं नाही, पुढचा हप्ता दिला नाही. एक हंगाम उधारीवर काढला आणि दार लावलं. त्या वर्षी काही मुली परत फडावर गेल्या. त्यांतल्या एकीचं लग्न तिकडेच लावून टाकलं. हिशेब ठेवणारा माझा सहकारी, ज्याच्या भरवशावर संस्था चालायची, तो घर चालवायला दुसरीकडे गेला, आणि आजही समोरून आला तर आम्ही दोघं हवापाण्यावर बोलतो.

त्या पत्राने तेव्हा काही हललंही नाही, हे मीच सांगून टाकते, म्हणजे तुला दुसऱ्याकडून ऐकावं लागणार नाही.

पण पत्र मागे घेतलं असतं तर? वसतिगृह चाललं असतं, हो. चाळीस मुली आत, आणि बाहेरच्या शेकड्यांनी मुलं पटावर हजर, फडावर हजर, आणि ते ठाऊक असलेली आमची संस्था गप्प. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरं पत्र मागे घ्यायला सांगितलं असतं, मग न लिहिलेलं पत्र मागे घ्यायला सांगितलं असतं. मी अशा संस्था बघितल्यात. इमारती सुंदर आहेत. लोक म्हणतात ताई, थोडं वाकायला हवं होतं. ज्यांना मुलींची लग्नं झाल्याचं दुःख होतं त्यांचं म्हणणं मी ऐकून घेते. बाकीच्यांना विचारते, तुम्ही त्या मुलींसाठी एक ओळ कुठे लिहिली होती का? मला रात्री त्या मुली आठवतात. पत्राचा पश्चात्ताप होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, तुला अजून ते जड जाईल.

आता कामाचं. ती दोन पानं आहेत तशी पाठवू नकोस. पहिल्या परिच्छेदातली विशेषणं काढ. गावाचं नाव, दुकान क्रमांक, तारीख, शिधापत्रिका कोणती, किती महिने धान्य नाही, एवढं वर घे. मग कायदा. अंगठा जुळला नाही किंवा आधार नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, अपवादाच्या नोंदवहीत नोंद करून द्यायचं, हे केंद्राने २४ ऑक्टोबर २०१७च्या पत्राने राज्यांना कळवलंय, ते जोड. अन्नसुरक्षा कायद्याचं कलम १५ तक्रार निवारण अधिकाऱ्याचं, १६ राज्य अन्न आयोगाचं, २८ सामाजिक अंकेक्षणाचं, म्हणजे लोकांसमोर होणाऱ्या तपासणीचं, २९ दक्षता समितीचं. तालुक्याच्या दक्षता समितीवर कोण आहेत त्याची यादी मागव. बहुतेक ठिकाणी सदस्यालाच माहीत नसतं की तो सदस्य आहे. धान्य न मिळाल्याबद्दल अन्नसुरक्षा भत्ता कलम ८ मध्ये आहे, तोही माग. मिळेल असं नाही, पण मागितला नव्हता असं कुणाला म्हणता येऊ नये.

आजीबाईंचा स्वतःचा अर्ज वेगळा दे. त्यावर त्यांचा अंगठा घे आणि खाली 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' लिहून तू साक्षीला सही कर. मशीनला न चालणारा अंगठा सरकारी कागदावर अजून चालतो. अर्ज देताना त्यांना बरोबर ने, रिक्षाचे पैसे संस्थेला माग आणि व्हाउचरवर कारण खरं लिही.

संचालकांचं काय, तर ही दोन पानं त्यांच्यापुढे लेखी ठेव. संस्थेच्या नावाने पाठवायची परवानगी द्यावी, नसल्यास कारण लेखी कळवावं, प्रत विश्वस्त मंडळाला. विश्वस्तांच्या बैठकीत विषय घ्या म्हण, ठराव होऊ दे, 'पाठवू नये' असा झाला तरी चालेल. त्या ठरावाखाली सह्या करताना चौघांपैकी दोघांचा हात थबकेल, हे मी तुला आजच सांगते. नाहीच झालं तर आजीबाईंच्या अर्जाला कुणाची परवानगी लागत नाही.

राजीनाम्याचं नंतर बघू. ज्या नोकरीत एकही पत्र दिलं नाहीस तिच्याबद्दल 'माझा आवाज दाबला' असं म्हणत बाहेर पडू नकोस. आधी आवाज काढ. मग त्यांनी काढलं तर माझ्याकडे ये, पगार कमी आहे आणि पंखा आवाज करतो.

शेवटचं. तू लिहिलंयस की मी संचालकांना एकदा फोन करावा, ते माझं ऐकतात. फोन करणार नाही. ते 'हो ताई, हो ताई' म्हणतील, मलाही बरं वाटेल आणि पंधरा दिवसांनी आपल्या दोघींकडे दाखवायला काही नसेल. त्यांना मी पत्र लिहिलंय, माझ्या संस्थेच्या लेटरहेडवर, तुझं नाव न घेता, तुमच्या तालुक्यातल्या केवायसीबद्दल दोन्ही संस्थांनी मिळून पुरवठा अधिकाऱ्यांना लिहावं असं सुचवलंय. परवा स्पीड पोस्टाने निघेल. तुझा सुधारलेला मसुदा त्याआधी आला तर सोबत जोडते.

तुझी,
ताई